कंपनीतले डेस्कटॉप लिनक्सवर: बसवायचे कसे, सांभाळायचे कसे

एका मशीनवर लिनक्स बसवायला अर्धा तास पुरतो. पेनड्राइव्ह लावा, चार-पाच वेळा ‘पुढे’ दाबा, झालं. आणि इथेच माणूस फसतो. दुसरं मशीन तसंच बसतं, पाचवंही बसतं, आणि विसाव्यापर्यंत पोचता पोचता तुमच्याकडे वीस तऱ्हेची वीस मशीन्स जमलेली असतात. कुठे प्रिंटर हातानं जोडलेला, कुठे कुणाच्या हट्टाखातर जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) अडवून ठेवलेला, कुठे तुम्हीच घाईत देऊन टाकलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड. सहा महिन्यांनी एखाद्याचा लॅपटॉप पडतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा करायला दोन दिवस जातात. पहिल्यासारखा म्हणजे नक्की कसा, हे कुणी कुठे लिहून ठेवलेलंच नसतं.

म्हणून या लेखात मी शेवटपर्यंत एकच कसोटी लावणार आहे: कुठलंही मशीन कधीही पुसलं, तरी ते तासाभरात, जवळजवळ हात न लावता, पुन्हा कामाला लागलं पाहिजे. वीस ते तीनशे मशीन्सची कंपनी आणि ती सांभाळणारी एक-दोन माणसं डोळ्यांसमोर धरून लिहितोय. तुम्हाला लिनक्सची कमांड लाइन थोडीफार येते, पण एकदम इतकी मशीन्स कधी हाताळलेली नाहीत, असं गृहीत धरतो.

पायरी १: आधी माणसांचं काम बघा

पहिले दोन आठवडे एकाही मशीनला हात लावू नका. प्रत्येक विभागात जाऊन लोक काय काय वापरतात ते टिपा. तीन रकाने करा: ब्राउझरमध्ये चालणारं, लिनक्सवर तेच किंवा तोडीस तोड मिळणारं, आणि विंडोजशिवाय चालतच नाही असं. पहिला रकाना तुमच्या अंदाजापेक्षा लांब निघेल. घोळ तिसऱ्यात असतो.

“तुम्ही काय वापरता?” असं विचारून काही हाती लागत नाही. अकाउंट्समधल्या एका मॅडमनी मला सांगितलं होतं, “काही नाही हो, थोडं एक्सेल आणि मेल.” ते मी वहीत लिहून घेतलं आणि खूश झालो. महिनाअखेरीला त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो तेव्हा कळलं की त्या ‘थोड्या एक्सेल’मध्ये अकरा पानांची एक फाइल होती. ती कंपनी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेल्या मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलमधल्या लहानशा प्रोग्रामवर, चालत होती, तो मॅक्रो दुसऱ्या दोन फायली उघडून त्यांतला मजकूर ओढत होता, आणि त्याच्या जिवावर सगळ्यांचा पगार निघत होता. लिब्रेऑफिसमध्ये ती फाइल उघडली, दिसलीही छान, पण बटण दाबल्यावर काहीच झालं नाही. तेव्हापासून मी “काय वापरता” असं विचारत नाही. “महिनाअखेरीला काय काय उघडता ते मला करून दाखवा” असं म्हणतो.

तिसऱ्या रकान्याशी लढाई करू नका. त्या चार-पाच माणसांना विंडोजवर राहू द्या, किंवा तो एक प्रोग्राम सर्व्हरवरच्या विंडोजमध्ये ठेवून रिमोट डेस्कटॉपनं पोचवा. शंभर टक्के करून दाखवायचा अट्टहास धरला की उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांचंही काम रखडतं.

क्रमाबद्दल एक उदाहरण मला फार उपयोगी पडलं. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलानं २००५ मध्ये आधी फक्त ऑफिसचे प्रोग्राम बदलून ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ मध्ये उबुंटूकडे वळायचं ठरवलं. म्हणजे खालची सिस्टिम बदलली तेव्हा वरचे प्रोग्राम ओळखीचे झालेले होते. म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत साधारण पंधरा हजार मशीन्स बदलली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यात तंत्राचा दोष किती आणि राजकारणाचा किती, यावर आजही वाद घालता येतो. मी त्यातून एवढंच घेतलं की मशीन्स बदलून झाली म्हणजे सगळ्यांना ती पटली असं होत नाही.

तुम्हीही तेच करा. विंडोज असतानाच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स सगळ्यांकडे टाका आणि दोन-तीन महिने जाऊ द्या. तक्रारी येतील, पण एका वेळी एकाच गोष्टीच्या येतील. त्यातली एक आत्ताच मिटवून ठेवा: “फाइल उघडली की सगळं हलतं.” बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्री आणि कँब्रिया मशीनवर नसतात, मग दुसरा फॉन्ट लागतो, ओळी लांबतात आणि पान मोडतं. कार्लिटो आणि कॅलेडिया हे अक्षरांच्या मापाला त्यांच्याशी तंतोतंत जुळणारे खुले फॉन्ट आहेत, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन आहेत. हे सगळे बसवले की निम्मी ओरड थांबते.

पायरी २: डिस्ट्रो निवडा, आणि एकच निवडा

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा तयार संच: उबुंटू, डेबियन, फेडोरा वगैरे. कुठला घ्यावा, यावर लोक रात्री जागवतात. खरं तर कंपनीसाठी प्रश्न सोपा आहे: सुरक्षेचे पॅच किती वर्षं मिळतील, आणि ते कोण देणार? उबुंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. पैसे भरून ती मुदत वाढवताही येते. डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं, त्याला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं एलटीएस गटाकडून अपडेट मिळतात. रेड हॅटच्या घराण्यातल्या अल्मालिनक्ससारख्यांची मुदत दहा वर्षांची. फेडोरा उत्तम आहे, मी स्वतः वापरतो, पण त्याची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिनेच जगते. दोनशे मशीन्स दरवर्षी पुढच्या आवृत्तीवर ढकलायची हौस असेल तरच घ्या.

‘कोण देणार’ हेही महत्त्वाचं का, ते सेंटओएस ८ नं दाखवून दिलं. २०२९ पर्यंत चालेल असं धरून लोकांनी ते बसवलं होतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीस बंद, आणि तसंच झालं. तेव्हा आकडा बघताना तो बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे हेही बघा.

रोलिंग डिस्ट्रो, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत नवं आणत राहणारी, नको. २०२४ च्या मार्चअखेरीस एक्सझेड या लहानशा लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम घुसवलेली मागची वाट सापडली. एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जायच्या पद्धतीनं, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड यांना ती दिसली. बिघडलेल्या आवृत्त्या होत्या ५.६.० आणि ५.६.१. त्या डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत आणि तशाच पुढे धावणाऱ्या इतर डिस्ट्रोंपर्यंत पोचल्या, डेबियन स्टेबलपर्यंत पोचल्याच नाहीत. नवीन गोष्ट उशिरा मिळण्याचा हाही एक फायदा.

स्क्रीनवरचा डेस्कटॉपही एकच ठेवा, ग्नोम किंवा केडीई. कुठला, यावर भांडत बसू नका. मदत करणाऱ्या माणसाला फोनवर “डावीकडे वर कोपऱ्यात क्लिक करा” असं न अडखळता सांगता आलं पाहिजे, यासाठी सगळ्यांचा कोपरा एकच हवा.

पायरी ३: हार्डवेअर

एक डेस्कटॉप आणि एक-दोन लॅपटॉप, एवढीच मॉडेल्स ठरवा. प्रत्येकाचा एकेक नग आधी आणून आठवडाभर स्वतः वापरा: झाकण बंद करून उघडा, डॉकला लावा-काढा, दोन स्क्रीन जोडा, कॉलवर माइक आणि कॅमेरा तपासा. वाय-फाय आजकाल बहुतेक ठिकाणी चालतं. रडवतात ते झोपेतून न उठणारे लॅपटॉप आणि बोटांचे ठसे वाचणारे सेन्सर. बनवणारी कंपनी त्या मॉडेलचं फर्मवेअर एलव्हीएफएस या लिनक्ससाठी फर्मवेअर वाटणाऱ्या सेवेवर टाकते का, तेही बघा. टाकत असेल तर फर्मवेअरचे अपडेट लिनक्समधूनच मिळतात, नाहीतर त्यासाठी प्रत्येक मशीनपाशी पेनड्राइव्ह घेऊन जावं लागेल.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड गरज नसेल तर टाळा. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर बूटला चालू देणारी सोय) चालू असताना बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरला सही लागते आणि त्या सहीची किल्ली मशीनमध्ये नोंदवायला बूटच्या वेळी कुणीतरी समोर बसून पासवर्ड टाकावा लागतो. हात न लावता इन्स्टॉल करायचं आपलं गणित तिथे अडकतं. सिक्युअर बूट बंद करणं ही पळवाट आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४: इन्स्टॉल आपोआप

डेबियनमध्ये याला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटकडे किकस्टार्ट, उबुंटूत ऑटोइन्स्टॉल. तिन्हींमागची कल्पना एकच: इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. मशीन नेटवर्कवरून, म्हणजे पीएक्सईनं सुरू होतं, डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून नेटवर्कवरचा पत्ता आणि बूट फाइलचा ठावठिकाणा घेतं, इन्स्टॉलर ओढतं, उत्तरांची फाइल वाचतं आणि कामाला लागतं. पीएक्सईचा सर्व्हर उभा करणं जड वाटत असेल तर सुरुवातीला उत्तरांची फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. पहिल्या तीस मशीन्सना तेवढं पुरतं.

इथे हमखास सुचणारी युक्ती म्हणजे एक मशीन नीट सजवून त्याच्या डिस्कची प्रत बाकीच्यांवर मारायची. मीही केलं होतं. बारा लॅपटॉप एका दुपारी तयार झाले म्हणून स्वतःवरच खूश होतो. दुसऱ्या दिवशी दोघांना नेट मिळेना. एकाला मिळालं की दुसऱ्याचं जायचं. केबल बदलल्या, स्विच बदलला. शेवटी डीएचसीपीची नोंदवही उघडली तर बारा लॅपटॉपच्या नावावर पत्ता एकच. प्रत्येक लिनक्स मशीनच्या ईटीसी फोल्डरमध्ये मशीन-आयडी नावाची एका ओळीची फाइल असते. डीएचसीपीला द्यायची ओळख आमच्या सेटअपमध्ये त्या ओळीवरून बनत होती, आणि ती ओळ बाराही ठिकाणी सारखीच. वर एसएसएचच्या किल्ल्याही सगळ्यांच्या सारख्या, म्हणजे एका लॅपटॉपची किल्ली चोरली की बाराही लॅपटॉपचं सोंग घेता येणार. क्लोन करायचंच असेल तर प्रत घेण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या किल्ल्या पुसून पहिल्या बूटला नव्या बनतील अशी सोय ठेवा. पण उत्तरांची फाइल बरी. ती वाचता येते, तिच्यात काल काय बदललं ते दिसतं. डिस्कच्या प्रतीच्या पोटात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

उत्तरांच्या फाइलमध्ये दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून असू द्या, कारण नंतर त्या बदलायच्या म्हणजे मशीन पुसणं आलं. पहिली, ल्यूक्सनं डिस्क एन्क्रिप्ट करणं. माणसाच्या पासफ्रेजशिवाय एक वेगळी रिकव्हरी किल्ली बनवा आणि ती कंपनीच्या पासवर्ड तिजोरीत ठेवा. ल्यूक्समध्ये एका डिस्कला अनेक किल्ल्या चालतात. मशीनमधल्या टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपमधून डिस्क आपोआप उघडायची सोयही करता येते, फक्त फर्मवेअर अपडेट झाल्यावर चिप कधी कधी किल्ली द्यायला नकार देते. त्या सकाळी रिकव्हरी किल्लीच कामाला येते. दुसरी गोष्ट म्हणजे बूटचं पार्टिशन ऐसपैस ठेवणं, एक-दोन जीबी तरी. कारण पुढे सांगतो.

उत्तरांच्या फाइलमध्ये यापलीकडे फार काही कोंबू नका. डिस्क, भाषा, कीबोर्ड, एक आणीबाणीचं खातं, आणि पुढच्या पायरीचा प्रोग्राम सुरू करणारी एक ओळ. बाकीचं सगळं त्या प्रोग्रामकडे.

पायरी ५: मशीन कसं असावं, हे गिटमध्ये लिहा

या पायरीवर वेळ खर्चा. कुठली पॅकेजेस हवीत, कुठली नकोत, प्रिंटर कुठले, वाय-फाय कुठलं, सर्टिफिकेट कुठली, हे सगळं मजकुराच्या फायलींत लिहायचं, त्या गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवायच्या, आणि मशीनला त्या फायलींप्रमाणे वळवणारा प्रोग्राम ठरावीक वेळानं चालवायचा. नवख्यांसाठी मी अ‍ॅन्सिबल सुचवतो, कारण त्याच्या फायली वाचून समजतात. पपेट आणि सॉल्टही तेच काम करतात.

अ‍ॅन्सिबलची बहुतेक शिकवणी सर्व्हरच्या अंगानं लिहिलेली असते: तुम्ही मध्यवर्ती मशीनवरून एसएसएचनं सगळ्यांकडे जायचं आणि बदल ढकलायचे. सर्व्हर जागेवर असतात, जागे असतात. लॅपटॉप नसतात. सकाळी अकराला तुम्ही बदल ढकलता तेव्हा कुणी प्रवासात, कुणी रजेवर, कुणाचं झाकण बंद. अहवालात तीस लाल ओळी येतात आणि त्यातली खरी चूक कुठली ते शोधायचा कंटाळा येतो. म्हणून उलटं करा. अ‍ॅन्सिबलमध्येच ‘पुल’ नावाची पद्धत आहे: प्रत्येक मशीन स्वतः गिटमधून फायली ओढतं आणि स्वतःवरच चालवतं. लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचा टायमर लावा, दिवसातून दोन-तीनदा. टायमरमध्ये वेळ थोडी पुढेमागे विखुरण्याची सोय आहे ती वापरा, नाहीतर नऊच्या ठोक्याला दोनशे मशीन्स गिट सर्व्हरवर तुटून पडतील. चुकलेली वेळ मशीन सुरू झाल्यावर भरून काढायचा पर्यायही चालू करा. ‘गिटमध्ये बदल असेल तरच चालव’ असा एक पर्याय दिसेल, तो मोहात पाडेल. घेऊ नका. कुणी मशीनवर हातानं काही बिघडवलं तर गिटमध्ये बदल नसतो, मग ते तसंच राहून जातं.

या पद्धतीत दोन धोके आहेत. गिटमधल्या फायली प्रत्येक लॅपटॉपवर उतरतात, तेव्हा त्यात एकही पासवर्ड नको. एन्क्रिप्ट करून ठेवला तरी उघडायची किल्ली लॅपटॉपवरच द्यावी लागते, मग उपयोग काय? आणि दुसरं, गिटच्या मुख्य शाखेत ज्याला लिहिता येतं तो कंपनीतल्या प्रत्येक मशीनचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, आहे. तिथे दोघांनी बघितल्याशिवाय बदल जाऊ देऊ नका. सही केलेले कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) तपासून मगच चालवायची सोयही त्यात आहे.

आता स्वतःला लावायचा नियम, जो पाळायला सगळ्यात अवघड जातो: कुणाच्याही मशीनवर बसून काहीही कायमचं दुरुस्त करायचं नाही. तपास मशीनवर करा, उपाय गिटमध्ये लिहा, मशीनला तो ओढू द्या. समोरचा माणूस घाईत असतो, दोन कमांडींत काम होणार असतं, हात शिवशिवतात. पण त्या दोन कमांडी उद्या त्याच्या शेजारच्यालाही लागणार असतात.

पायरी ६: लॉगिन

कंपनीत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सोय) असेल तर ती मोडायची गरज नाही, लिनक्स मशीन्स एसएसएसडी या लिनक्सवरच्या सेवेमार्फत तिला जोडता येतात. नसेल तर तसंच काम करणारं खुलं फ्रीआयपीए बघा.

एसएसएसडीमध्ये ऑफलाइन लॉगिनसाठी पासवर्डची नोंद साठवायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. चालू केला तरी ती व्यक्ती त्या मशीनवर एकदा तरी ऑफिसच्या नेटवर्कवर असताना लॉगिन झालेली हवी. नवीन लॅपटॉप पाकिटासकट हातात देऊन माणसाला घरी पाठवलं की संध्याकाळी फोन ठरलेला. समोर बसवून एकदा लॉगिन करायला लावा, मगच जाऊ द्या.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर आधी घड्याळ बघा. या लॉगिनमागे ओळख पटवणारं कर्बेरॉस डीफॉल्टनं पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. खूप दिवस बंद असलेल्या किंवा मदरबोर्डचा सेल संपलेल्या मशीनवर हे होतंच.

सुडोचा, म्हणजे रूट होऊन कमांड चालवायचा, अधिकार कुणाला? सरसकट कुणालाच नको. डेव्हलपर कुरकुरतील आणि त्यात त्यांचंही बरोबर असतं. त्यांना कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आतच वेगळी बंदिस्त जागा) द्या, आणि तरीही ज्यांना लागेल त्यांचा गट गिटमध्ये नाव घालून करा. फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीतले प्रोग्राम प्रत्येकाला रूटशिवाय स्वतःपुरते बसवता येतात. त्यातही कुठल्या रिपॉझिटरीला (पॅकेजेसच्या कोठाराला) परवानगी आहे ते तुम्ही ठरवा.

पायरी ७: सेटिंग लादताना

ग्नोमची सेटिंग डीकॉन्फ या साठ्यात असतात. तिथे डीफॉल्ट देता येतं आणि कुलूपही लावता येतं. फायरफॉक्स आणि क्रोम दोघंही धोरणांची जेसन फाइल वाचतात. स्क्रीन आपोआप लॉक होणं, ब्राउझरचे एक्स्टेंशन, सर्टिफिकेट यांना कुलूप लावा. वॉलपेपरला लावू नका. लोकांना मशीन आपलं वाटायला फार थोडं लागतं, तेवढं त्यांच्याकडे राहू द्या. डीकॉन्फच्या फायली बदलल्यावर त्याची अपडेट कमांड चालवावी लागते, नाहीतर काहीच होत नाही आणि तासभर स्पेलिंग तपासण्यात जातो.

पायरी ८: अपडेट

बसवणं एकदाच होतं, हे मात्र रोजचं आहे.

मशीन्सचे तीन गट करा. पहिल्यात तुम्ही आणि दोन-तीन हौशी, दुसऱ्यात प्रत्येक विभागातला एकेक, तिसऱ्यात बाकी सगळे. अपडेट पहिल्या गटाला लगेच, दुसऱ्याला दोन दिवसांनी, तिसऱ्याला आठवड्यानं. गंभीर सुरक्षा पॅच असेल तर हे अंतर काही तासांवर आणा, पण गट वगळू नका. अंतर पाळायचं तर रिपॉझिटरीची स्वतःची प्रत हवी. डेबियन-उबुंटूसाठी अ‍ॅप्टली, रेड हॅटच्या बाजूला पल्प. एका दिवसाचं चित्र गोठवायचं आणि तेच प्रत्येक गटाला टप्प्याटप्प्यानं दाखवायचं. एवढं जमणार नसेल तर निदान एपीटी-कॅशर-एनजी तरी बसवा, म्हणजे एकच पॅकेज दोनशे वेळा बाहेरून उतरणार नाही.

डेबियन-उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स पॅच आपोआप बसवतं. बसवतंय यावर विश्वास मात्र ठेवू नका. आमच्या नऊ मशीन्सवर चार महिने एकही अपडेट बसला नव्हता, आणि मशीन मजेत चालत असल्यानं कुणाची तक्रारही नव्हती. कारण निघालं बूटचं पार्टिशन. प्रत्येक नवा कर्नल तिथे आपली फाइल टाकतो. ते पार्टिशन जुन्या सवयीनं लहान ठेवलेलं होतं आणि जुने कर्नल काढायचं सेटिंग कुणीतरी बंद केलेलं. जागा संपली, एक कर्नल अर्धवट बसला, आणि पॅकेज मॅनेजर त्या अर्धवट पॅकेजवर अडून बसला. त्याच्यामागे बाकीचे सगळे पॅच रांगेत. नको असलेली पॅकेजेस काढणारी ऑटोरिमूव्ह कमांडही चालेना, कारण तेही आधी ते अर्धवट काम पुरं करायला जातं. एका मशीनवर जुन्या कर्नलची मोठी फाइल हातानं उचलून बाजूला ठेवली तेव्हा गाडं हललं. वर ऐसपैस पार्टिशन म्हणालो ते यासाठी.

त्यामुळे प्रत्येक मशीननं रोज चार आकडे तरी कळवावेत: शेवटचा यशस्वी अपडेट कधी, रीबूट बाकी आहे का, डिस्क आणि बूट पार्टिशन किती भरलंय, अ‍ॅन्सिबल शेवटचं नीट कधी चाललं. जीएलपीआय, ओएसक्वेरी, मशीन्सची माहिती गोळा करणारं काहीही वापरा. सुरुवातीला एक लहान स्क्रिप्टही पुरते. जे मशीन दोन आठवडे बोललं नाही ते चोरीला गेलंय, कपाटात पडलंय किंवा बिघडलंय, आणि यातलं नक्की काय ते तुम्हाला माहीत हवं.

रीबूटची सक्ती करा, पण सभ्यपणे. नवा कर्नल बसला तरी रीबूट होईपर्यंत जुनाच चालतो. तीन दिवस आठवण, मग संध्याकाळची वेळ सांगून रीबूट. मीटिंग चालू असताना एकदा जरी कुणाचं मशीन आपोआप बंद झालं तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

मोठी आवृत्ती बदलताना जागच्या जागी अपग्रेड करू नका. नवी आवृत्ती नव्यानं बसवा. चौथी-पाचवी पायरी नीट झाली असेल तर हे स्वस्त पडतं, आणि जुना कचरा आपोआप जातो. उबुंटूही जुन्या एलटीएसवाल्यांना नवी एलटीएस पहिली दुरुस्ती-आवृत्ती आल्यावरच सुचवतं. तुम्हालाही घाई नको.

पायरी ९: फायली आणि बॅकअप

मशीन पुसता यायचं असेल तर त्यावर एकमेव प्रत असलेली कुठलीही फाइल नको. होम फोल्डर एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरून, सर्व्हरवरच ठेवायची जुनी पद्धत लॅपटॉपसाठी निकालात काढा, नेटवर्क गेलं की अख्खा डेस्कटॉप गोठतो. कामाच्या फायली नेक्स्टक्लाउडसारख्या ठिकाणी, आणि होम फोल्डरचा बॅकअप रेस्टिक किंवा बोर्गनं, रोज, आपोआप. डाउनलोड्स फोल्डर वगळायचा मोह होतो. वगळू नका. निम्म्या लोकांचं ऑफिस तिथेच असतं.

पायरी १०: मदत

दूरून स्क्रीन बघण्यासाठी जुने लोक एक्स-इलेव्हन-व्हीएनसी सुचवतील. वेलँडवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवायच्या नव्या पद्धतीवर, ते चालत नाही. ग्नोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आरडीपी (रिमोट डेस्कटॉप) आतच आहे, रस्टडेस्क स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. दोन्ही तुमच्याच मॉडेलवर आधी करून बघा. प्रिंटर नवे घ्याल तेव्हा ड्रायव्हरशिवाय चालणारे, आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट असं लिहिलेले घ्या. जुन्या प्रिंटरवर वाया जाणारे तास मोजले की नव्याची किंमत पटते.

पहिल्या आठवड्यात विभागात जाऊन बसा, टेबल मांडून. तिकिटात लोक लिहितात “काहीच चालत नाही”. शेजारी बसलं की दिसतं, फाइल सेव्ह होतेय, फक्त कुठे होतेय ते सापडत नाहीये.

आणि महिन्यातून एकदा

सगळ्यांतलं एक मशीन चिठ्ठी टाकून निवडा. त्या माणसाला दुसरा लॅपटॉप द्या, त्याचं मशीन पुसा आणि घड्याळ लावा. नेटवर्क बूटपासून तो माणूस लॉगिन होऊन आपली फाइल उघडेपर्यंत किती वेळ गेला, आणि तुम्हाला किती वेळा हात लावावा लागला, दोन्ही लिहून ठेवा. आमचा गेल्या वेळचा आकडा बावन्न मिनिटं आणि दोन हात. एक हात बायोसमध्ये बूटचा क्रम बदलण्यासाठी, दुसरा लेबल छापायच्या प्रिंटरसाठी, जो मीच एका शुक्रवारी संध्याकाळी घाईत हातानं जोडला होता.